कॅमेरा खाली का ठेवत नाहीत? (फाउंड फूटेज भयपटांबद्दल)

कंदील | शनिवार, रात्री ११:४२

नवरा कामासाठी नागपूरला, लेक आजीकडे. घरात मी आणि फ्रिजची घरघर. अशा रात्री शहाणी बाई एखादा जुना विनोदी सिनेमा लावते आणि अर्ध्यात झोपते. मी 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' लावला, आयुष्यात तिसऱ्यांदा. शेवटची दहा मिनिटं उशी पोटाशी धरून बघितली आणि मग उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. गॅसचा काय संबंध ते विचारू नका.

एरवी मी भयपटांना फारशी भीत नाही. कारण तिथे संगीत असतं. व्हायोलिनं वर चढायला लागली की कुकरची शिट्टी आता होणार हे कळतं, आपण कानावर हात ठेवायला मोकळे. या प्रकारात शिट्टीच नाही. कुकर नुसता तापत राहतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिनेमा म्हणजे कुणीतरी केलेलं आणि नंतर सापडलेलं चित्रीकरण, असा बहाणा. करणारे बहुधा मेलेले किंवा बेपत्ता. ब्लेअर विचमध्ये सुरुवातीलाच पाटी येते की ऑक्टोबर १९९४ मध्ये मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात तीन विद्यार्थी माहितीपट करताना नाहीसे झाले आणि वर्षभराने त्यांचं फूटेज सापडलं. म्हणजे शेवट पहिल्याच मिनिटाला सांगून टाकला. तरी आपण बसतो.

प्रत्यक्ष चित्रीकरण १९९७ च्या ऑक्टोबरात आठ दिवसांत झालं. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघा दिग्दर्शकांनी तीन नटांना जंगलात सोडलं, हातात कॅमेरे दिले, जीपीएस यंत्र दिलं आणि स्वतः दूर राहिले. ठरलेल्या जागी फिल्मच्या रिकाम्या डब्यांत चिठ्ठ्या ठेवलेल्या असायच्या, प्रत्येकाला वेगळी, दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे ते कळायचं नाही. दिवसागणिक जेवण कमी केलं. रात्री तंबूबाहेर लहान मुलांचे आवाज लावले, तंबू गदागदा हलवला. उपाशी माणसं अभिनय करत नाहीत हो, ती नुसती भांडतात. नकाशा ओढ्यात फेकल्यावरचं ते भांडण बघा. आमच्याकडे गाडीत रस्ता चुकल्यावर अगदी तशाच पट्टीत होतं.

माझा आवडता प्रसंग मात्र वेगळाच. रात्री तिघं तंबूतून पळतात आणि धावता धावता तिघांतली हेदर किंचाळते, ते काय आहे, ते काय आहे! पडद्यावर अंधार आणि चार झाडं. नंतर वाचलं की तिथे खरंच एक माणूस पांढऱ्या कपड्यात उभा केला होता, पण पळण्याच्या नादात कॅमेरा त्याच्याकडे वळलाच नाही. चूक झाली. आणि ती चूकच सिनेमातली सगळ्यात भयंकर जागा ठरली, कारण तिला दिसलं आणि मला दिसलं नाही.

तर प्रश्न असा. मुद्दाम अस्वस्थ करणारं, रंग नाही, रूप नाही, शेवटी सुटका नाही, असलं आपण का बघतो? तुमचं काय? बघणारे, न बघणारे, अर्ध्यात उठलेले, सगळ्यांचं स्वागत. आठवतील त्या सिनेमांची नावंही द्या.

खवट_काका | शनिवार, रात्री ११:५८

मी 'क्लोवरफील्ड' बघायला थिएटरात गेलो होतो, २००८. राक्षस न्यूयॉर्क पाडतो म्हणे. मला राक्षस दिसला नाही, लोकांचे बूट दिसले. मध्यंतरात बाहेर येऊन लिंबू सोडा प्यायलो आणि तसाच घरी. अमेरिकेत काही थिएटरांनी तिकीट खिडकीवर पाट्याच लावल्या होत्या की कॅमेरा हलतो, मळमळेल. पैसे देऊन मळमळ! एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलं तर तिकिटात तेच मिळतं आणि आपण कोल्हापूरलाही पोचतो.

आणि एक शंका. मागे राक्षस लागलाय, इमारती पडतायत, आणि हा गडी कॅमेरा धरून पळतोय. कोण करतं असं?

चिपळूणचा_सदा | रविवार, सकाळी ७:१५

कंदीलताई, तो ब्लेअर विच म्हणजे सरळसरळ चकवा आहे! दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच ओढ्यावरच्या आडव्या ओंडक्यापाशी. आमच्याकडे हे सांगायला मेरीलँड लागत नाही. रानातून येताना चकवा लागला की पुढे चालायचं नाही, बसायचं, तोंड धुवायचं, उजाडायची वाट बघायची. त्या पोरांना कोणी सांगितलं असतं तर सिनेमा अर्ध्या तासात आटोपला असता.

माझं मत असं की आपल्याकडची भुताची गोष्ट आधीपासून फाउंड फूटेजच आहे. कुणीही 'एकदा एक भूत होतं' अशी सुरुवात करत नाही. 'आमच्या मामाचे साडू, वीज मंडळात होते, पंच्याऐंशी सालची गोष्ट, घाटात बंद पडली स्कूटर' अशी करतो. खातं, साल, वाहन सगळं. मामांचे साडू आता हयात नसतात, म्हणजे उलटतपासणी बंद. लहानपणी गणपतीत आरती झाली की पडवीत बसून आम्ही हेच ऐकायचो आणि मग मागच्या दारी न्हाणीघरात जायला दोघं लागायचे.

निळूफुले_नव्हे | रविवार, सकाळी ९:०३

सदा +१. वाचनखूण साठवली.

शूटिंगवाला | रविवार, दुपारी १:३०

खवट काकांच्या शंकेला उत्तर देतो. मी लग्नाची शूटिंग करतो, बावीस वर्षं झाली. सात-आठ वर्षांमागे एका लग्नात मांडवाच्या कोपऱ्याला आग लागली. लै मोठी नाही, पडदे पेटले, पळापळ झाली, कुणाला इजा नाही. संध्याकाळी फूटेज उतरवताना बघतो तर चाळीस सेकंद मी आगीवर कॅमेरा धरून उभा. इतकंच नाही, मधे झूम पण केलाय! मला यातलं काहीएक आठवत नाही. बायका ओरडतायत आणि माझा हात फ्रेम सरळ करतोय. कॅमेऱ्यातून बघितलं की ते दुसरीकडं कुठंतरी चाललंय असं वाटतं. ब्लेअर विचमध्ये तो जॉश त्या हेदरला जवळजवळ हेच सुनावतो, की तुला यातून बघितलं की जग खरं वाटत नाही म्हणून तू तो सोडत नाहीस. तो डायलॉग ज्यानं कुणी म्हटला त्याला आमच्या धंद्याचं कळलेलं आहे.

आता तांत्रिक सांगतो. खोटं फूटेज लगेच ओळखू येतं. नवशिके नुसता कॅमेरा हलवतात. खरा माणूस कॅमेरा हलवत नाही, तो हलू नये म्हणून धडपडत असतो, आणि त्या धडपडीत हलतो. दोन्हींत फरक आहे. रात्री फोकस मागंपुढं होत राहतो, त्याला काय पकडावं ते कळत नाही. गेन (अंधारात चित्र उजळ करायची सोय) वाढवला की चित्रात दाणे पडतात, आणि दाण्यात आपल्या मेंदूला तोंडं दिसायला लागतात. शिवाय खरा माणूस चुकीच्या वेळी बंद करतो आणि चुकीच्या वेळी चालू ठेवतो. करवलीचं भांडण सगळं येतं, अंतरपाट खाली येतानाचा क्षण जातो. (हे कृपया माझ्या गिऱ्हाइकांना सांगू नका.)

कंदील | रविवार, दुपारी ३:१०

शूटिंगवाले, हा प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा भारी आहे. अंतरपाटाला हसून हसून पुरेवाट.

खवट काका, तुम्हाला हलणारा कॅमेरा सोसत नाही ना, मग 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' बघा. तिथे तो स्टँडवर आहे, पलंगाच्या पायथ्याशी, ढिम्म. ओरेन पेली नावाचा सॉफ्टवेअरवाला, सॅन डिएगोतलं स्वतःचं घर, सात दिवस, पंधरा हजार डॉलरच्या आसपास खर्च. २००७ मध्ये महोत्सवात आला, २००९ मध्ये पॅरामाउंटने सगळीकडे लावला आणि जगभरात एकोणीस कोटी डॉलरच्या वर धंदा केला. त्यातही मला दार आपटणं, ओढत नेणं वगैरे विशेष वाटत नाही. एका रात्री केटी झोपेतून उठते आणि नवऱ्याच्या (बॉयफ्रेंडच्या, असो) उशाशी उभी राहते. बस. कोपऱ्यातलं घड्याळ वेगाने पळतं आणि ती तासन्‌तास नुसती उभी. काहीही करत नाही. ते बघितल्यापासून रात्री पाणी प्यायला उठले तर मी नवऱ्याच्या बाजूने फिरून जात नाही, उगाच त्याने डोळे उघडले तर.

आजीचा_बटवा | रविवार, सायंकाळी ५:४५

सगळं वाचलं. मुलांनो, मला खरंच कळत नाही. मी अडुसष्ट वर्षांची आहे. आयुष्यात हॉस्पिटलचे व्हरांडे बघितलेत, रात्री-अपरात्री वाजलेले फोन उचललेत. घरबसल्या मुद्दाम भीती विकत घ्यायची हे ज्यांनी खरी भीती बघितली नाही त्यांचं खेळणं आहे. राग मानू नका.

डेन्मार्कची_लाट | रविवार, सायंकाळी ६:२०

राग नाही काकू, पण अभ्यास थोडा वेगळं सांगतात. मी आर्हूसजवळ राहते, इथल्या विद्यापीठात करमणुकीच्या भीतीवर काम करणारी प्रयोगशाळाच आहे. (हो, पगार मिळतो.) वाइला गावातल्या एका जुन्या कारखान्यात भुताटकीचं घर चालतं. तिथे त्यांनी ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले. फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार घाबरलेल्यांनाही नाही, मधल्यांना सगळ्यात जास्त. आलेख उलट्या वाटीसारखा. म्हणजे प्रत्येकजण आपापली वाटी शोधत असतो. काकू, तुमची आयुष्याने आधीच भरलेली आहे, त्यामुळे वरून थेंबही नको वाटत असणार.

करोनाच्या काळातही एक पाहणी झाली होती. भयपटांचे शौकीन त्या दिवसांत मनाने थोडे कमी ढासळलेले दिसले. याचा अर्थ भयपट हे औषध असा नाही. कदाचित मुळात घट्ट मनाची माणसंच भयपट बघत असतील.

आजीचा_बटवा | रविवार, सायंकाळी ६:५१

वाटीचं पटलं. बघणार मात्र नाही.

मीमांसक | रविवार, रात्री ९:१५

धागा चांगला चाललाय, त्यात थोडं संस्कृत घुसडतो. कृपया हलकेच घ्या.

नाट्यशास्त्रवाल्या भरताने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे धरले. एकाच्या मुळाशी भय, दुसऱ्याच्या मुळाशी जुगुप्सा. आज 'डिस्टर्बिंग' म्हणून जे शिफारशीत येतं त्यात पुष्कळदा हे दोन्ही कालवलेले असतात आणि मग कशाने मळमळलं ते कळत नाही. ते राहू दे. काश्मिरी पंडित अभिनवगुप्त भयानकाचं उदाहरण म्हणून शाकुंतलातलं हरीण घेतो. दुष्यंताचा रथ मागे, हे मान वळवून वळवून बघत धावतंय, अर्धवट चावलेलं गवत तोंडातून वाटेवर सांडतंय. प्रेक्षकाला इथे जी भीती चाखायला मिळते ती, तो म्हणतो, ना माझी असते ना परक्याची, ना मित्राची ना शत्रूची. अमुक जागा, अमुक वेळ या खुणा गळून गेलेलं निव्वळ भय. म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो, नाहीतर आपण खुर्ची सोडून पळालो असतो.

आता तुमचे सिनेमे बघा. कोपऱ्यात तारीख, वेळ. नटांची स्वतःची नावं. नकाशात सापडणारं गाव. बर्किट्सव्हिल खरंच आहे आणि सिनेमानंतर लोकांनी त्या गावाच्या पाट्या चोरून नेल्या. म्हणजे जे गाळायचं तेच मुद्दाम चिकटवलेलं. दहाव्या शतकातल्या काश्मिरी पंडिताच्या दृष्टीने हा शुद्ध रसविघ्न, म्हणजे आस्वादातला अडथळा, आहे.

मग कंदीलबाईंना तिसऱ्यांदा का बघावासा वाटतो? माझा तर्क असा की इथे रसाची जागा सरकलेली आहे. सिनेमा चालू असताना तुम्ही प्रेक्षक नसता, साक्षीदार असता. साक्षीदाराला आस्वाद नसतो, नुसती जबाबदारी असते. आस्वाद मागाहून येतो, दिवे लावल्यावर, 'हे खोटं होतं' असं स्वतःला सांगताना.

कंदील | रविवार, रात्री ९:३२

आणि गॅस बघून आल्यावर! मीमांसक, दंडवत. 'साक्षीदार' हा शब्द मी दोन दिवस शोधत होते.

ब्रिस्टलकर | सोमवार, पहाटे २:०५

साक्षीदारावरून माझा अनुभव टंकतो. वडील डॉक्टर, त्यामुळे माझं लहानपण इंग्लंडात गेलं. ३१ ऑक्टोबर १९९२, शनिवार. दिवाळी नुकतीच झालेली, डब्यात थोडी चकली शिल्लक होती. बीबीसीवर 'घोस्टवॉच'. मायकेल पार्किन्सन स्टुडिओत. आता पार्किन्सन म्हणजे काय ते कसं सांगू? मुलाखती घेणारा घरातला माणूस, हा खोटं बोलणारच नाही असा चेहरा. सेरा ग्रीन तर आम्हा पोरांच्या शनिवार सकाळच्या कार्यक्रमातली ताई. ती लंडनमधल्या एका झपाटलेल्या घरात, थेट प्रक्षेपण, प्रेक्षकांनी फोन करा, आणि खाली नंबर कोणता? बीबीसीच्या कार्यक्रमांचा नेहमीचाच.

थेट वगैरे काही नव्हतं. स्टीफन व्होक यांनी लिहिलेलं, आधी चित्रित केलेलं नाटक. फोन लागला तर हे काल्पनिक आहे असं सांगणारा निरोप ऐकू यायचा, पण फोन इतके आले की बऱ्याच जणांचा लागलाच नाही. आमचाही लागला नाही. आई मराठीत म्हणत होती, 'बंद करा ते', आणि बाबा, शिकलेला माणूस, म्हणत होते, 'थांब गं, काय होतंय बघू दे'. भूत पडद्याच्या कोपऱ्यात, काचेत, गर्दीत क्षणभर दिसायचं आणि कुणीच त्याची दखल घ्यायचं नाही. मी म्हणायचो दिसलं, मोठे म्हणायचे नाही.

पुढे १९९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद आली, या कार्यक्रमाने झालेला मानसिक आघात म्हणून. बीबीसीने तो पुन्हा कधी दाखवला नाही. मी त्या दोघांतला नाही, पण वर्षभर जिन्याखालच्या कपाटासमोरून धावत जायचो.

आणि तरीही आज या प्रकारचा प्रत्येक सिनेमा बघतो. मला वाटतं मी त्या रात्रीची फेरतपासणी करत असतो. कुणीतरी म्हणावं, हो, तुला दिसलं होतं.

रानभूल | सोमवार, सकाळी १०:४०

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून कडू लिहितो. या पंथाचा मूळपुरुष 'कॅनिबल होलोकॉस्ट', १९८०, इटली, दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो. ॲमेझॉनच्या जंगलात गेलेले चार माहितीपटवाले, त्यांच्या सापडलेल्या फिती, आणि फितींतून उघड होतं की खरे रानटी कोण. मिलानमध्ये लागल्यावर दहा दिवसांत जप्ती. पुढे न्यायालयात प्रश्न आला की हे नट जिवंत आहेत का? कारण त्यांच्याकडून वर्षभर कुठे दिसायचं नाही असं लिहून घेतलेलं. शेवटी ते जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागलं. सुळावर चढवलेल्या मुलीचं कोडं तर सायकलच्या सीटवर सुटलं. खांबाला सीट, त्यावर ती बसलेली, तोंडात हलक्या लाकडाचा तुकडा.

इथवर किस्सा मजेदार आहे. पण त्याच सिनेमात कासव खरं मारलंय. माकड खरं मारलंय. म्हणजे माणसांचं मरण खोटं आणि जनावरांचं खरं, आणि प्रेक्षकाला फरक कळू नये हीच सगळी कारागिरी. मी कॉलेजात असताना मर्दुमकी म्हणून पाहिला. आज म्हणतो, बघू नका. 'दम असेल तर बघ' अशा याद्या फिरतात त्यांतली बरीचशी नावं याच लायकीची.

आपल्या व्हॉट्सॲपवर अपघाताचे खरे व्हिडिओ येतात, सकाळी सुप्रभातच्या फुलांच्या खालोखाल. ते उघडून बघणारा आणि हे सिनेमे बघणारा यांच्यात नेमका फरक काय, हे मला या धाग्यावर कुणीतरी सांगावं.

खवट_काका | सोमवार, सकाळी ११:०२

प्रथमच रानभूल यांच्याशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

कंदील | सोमवार, दुपारी १२:२०

रानभूल, प्रश्न टाळत नाही. कासवाबद्दल वादच नाही. मी तो पाहिलेला नाही, पाहणारही नाही.

फरक मला संमतीत दिसतो. रस्त्यावर पडलेल्या माणसाने मला बघायला बोलावलेलं नसतं. नटाने बोलावलेलं असतं. पण हे लिहितानाच अडखळते आहे, कारण ब्लेअर विचच्या तिघांनी तरी नेमकं कशाला होकार दिला होता? त्यांची खरी नावं वापरली, बेपत्ता म्हणून पत्रकं वाटली, इंटरनेटच्या सिनेमाकोशात त्यांच्या नावापुढे मृत असल्याचं गृहीत धरलेलं. हेदर डोनाह्यूच्या आईला सांत्वनाची कार्डं आली. जिवंत मुलीच्या आईला! सिनेमाने जगभरात चोवीस कोटी डॉलरच्या वर कमावले, आणि हेदरला काय मिळालं तर वर्षातल्या सगळ्यात वाईट अभिनेत्रीचं टवाळीचं बक्षीस. २०२४ मध्ये तिघांनी जाहीर पत्र काढून आपल्या हक्काचे पैसे मागितले, पंचवीस वर्षांनी. नाक गळतंय, टोपी डोळ्यांवर, कॅमेऱ्यात बघून तिघांच्या आयांची क्षमा मागते तो प्रसंग पुढे शंभर विनोदी कार्यक्रमांनी वापरला. ती अभिनय करतेय असं कुणाला वाटलंच नाही, हीच तिची शिक्षा.

त्यामुळे माझं उत्तर अर्धंच आहे. उरलेलं तुम्ही द्या.

पडद्यामागची | सोमवार, दुपारी २:४८

मुलं असलेल्यांसाठी इशारा. 'मेगन इज मिसिंग' हा सिनेमा २०२० मध्ये टिकटॉकवरून पुन्हा वर आला, तेव्हा दिग्दर्शक मायकेल गोई यांनी स्वतः व्हिडिओ करून सांगितलं की रात्री एकट्याने बघू नका, आणि 'फोटो नंबर वन' असे शब्द दिसले की बंद करायला चार सेकंद आहेत. न्यूझीलंडने बंदी घातली होती. माझ्या भाचीने मैत्रिणींच्या पैजेवर बघितला आणि आठवडाभर आईच्या खोलीत झोपली. मी स्वतः या प्रकाराची चाहती आहे, पण शाळकरी मुलांना हा प्रकार धाडसाची परीक्षा म्हणून पोचतो, ते मला आवडत नाही.

चिपळूणचा_सदा | सोमवार, दुपारी ४:००

वातावरण फार गंभीर झालं. कुणी 'रागिनी एमएमएस' (२०११) बघितलाय का? फार्महाऊस, लपवलेले कॅमेरे, राजकुमार राव नवखा. आणि भूत चक्क मराठी! 'मी चेटकीण नाही' म्हणून बजावतं. मी मित्रांबरोबर ठाण्यात बघितला होता. हिंदी भाषक किंचाळत होते आणि आमची रांग म्हणत होती, अरे ती सांगतेय ते ऐका तरी! भाषा कळली की भीतीच्या जागी दया येते. बाईवर चेटकिणीचा आळ आला आणि मेल्यावरही तिला खुलासे देत बसावं लागतंय.

ब्रिस्टलकर | सोमवार, सायंकाळी ७:३०

कंदील, तुम्ही नावं मागितली होती, एकच देतो: 'लेक मंगो'. ऑस्ट्रेलिया, २००८, दिग्दर्शक जोएल अँडरसन. माहितीपटासारखा. ॲलिस नावाची सोळा वर्षांची मुलगी बुडते, घरचे मुलाखती देतात, मग फोटोंत ती दिसायला लागते. रक्त नाही, किंकाळी नाही. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका. याहून जास्त सांगणार नाही.

कंदील | मंगळवार, रात्री १२:५०

बघितला. आत्ताच संपला. (पुढे कथाभेद आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी खाली सरका.)

शेवटी घरचे लोक म्हणतात, आता ती गेली, आता घर शांत आहे, आणि सामान आवरून निघतात. मग नावं वर सरकत असताना आपण आधी पाहिलेली तीच दृश्यं पुन्हा दाखवतात. ती त्यांत होती. सगळा वेळ होती, कडेला, आणि आपण सगळे दुसरीकडे बघत होतो, कारण सिनेमा आपल्याला तिकडे बघ म्हणत होता. मला भीती वाटलीच नाही. मी रडत बसले. लेकीला फोन करायचा होता, पण ती आजीकडे झोपली असेल.

ब्रिस्टलकर, तुम्हाला दिसलं होतं.

ब्रिस्टलकर | मंगळवार, पहाटे १:३३

भावना पोचल्या. धन्यवाद.

शूटिंगवाला | मंगळवार, दुपारी १२:१५

लेक मंगो मी पण काल रात्री बघितला. त्यावरून एक सांगतो, थोडं अवांतर आहे.

आता लग्नं कमी आणि जुन्या कॅसेट डिजिटल करून द्यायचं काम जास्त आहे. व्हीएचएस, हाय एट, मिनी डीव्ही. लोक पिशवी भरून आणतात. बारसं, मुंज, माथेरान, नवीन टीव्ही आणला त्याची पूजा. उतरवून दिलं की आठवड्यानं फोन येतो, ठरलेला. 'सगळं आहे हो, पण बाबा कुठंच नाहीत.' कारण कॅमेरा बाबांच्या हातात. घरात ज्याला हौस होती तो माणूस एकाही फ्रेममध्ये नसतो. मग मी सांगतो, हेडफोन लावून ऐका. खोकला असतो. 'इकडं बघ, इकडं बघ' असतं. टेकडी चढताना धाप असते, माइकला एकदम चिकटून. अगदी या सिनेमांत असते तशी.

आपण म्हणतो भूत दिसत नाही म्हणून भीती वाटते. मला तर वाटतं ज्याचा श्वास ऐकू येतो आणि जो दिसत नाही, तोच गेलेला असतो हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं.

मीमांसक | मंगळवार, दुपारी १:०५

यानंतर माझा अभिनवगुप्त मागे घेतो.

आजीचा_बटवा | मंगळवार, दुपारी ४:२२

शूटिंगवाले, माझ्याकडे १९९६ च्या दोन कॅसेट आहेत, मोठ्या, काळ्या. आत पांढरं काहीतरी धरलंय. पुसायच्या का? कपाटात होत्या, डांबराच्या गोळ्या घालून.

शूटिंगवाला | मंगळवार, दुपारी ४:४०

काकू, अजिबात पुसू नका आणि कुठल्याही मशीनमध्ये घालू नका, ती बुरशी आहे, मशीनच्या हेडला पण लागते आणि फीत तुटते. उन्हात ठेवू नका. गोळ्या काढा. कोरड्या जागी, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. बुरशी हातानं काढावी लागते, फीत थोडी थोडी फिरवून, वेळ लागतो, पण बहुतेक निघते. चित्र थोडं जाईल. आवाज बऱ्याचदा राहतो.

आजीचा_बटवा | मंगळवार, दुपारी ४:५८

चित्र गेलं तरी चालेल. त्यात आम्हीच आहोत, मी आणि मुलं. कशा पाठवू?

शूटिंगवाला | मंगळवार, सायंकाळी ५:०३

पाठवू नका, एसटीत गरम होतं. पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, व्यक्तिगत निरोप करा, घरी येऊन घेऊन जातो.